‘अनलिमिटेड’च्या आधीचा शब्द वाचा

सोमाटणे फाट्यावरून जुन्या मुंबई–पुणे हायवेने लोणावळ्याकडे निघालं की वडगाव, कामशेत, कार्ला फाटा, वाकसई, वलवण अशा ओळीने हॉटेलांच्या पाट्या लागतात. ‘मटण थाळी, रस्सा अनलिमिटेड’. ‘चुलीवरची मिसळ, तर्री अनलिमिटेड’. ‘शुद्ध शाकाहारी अनलिमिटेड थाळी’. यातला ‘अनलिमिटेड’ लांबूनच दिसतो, कारण तो तसाच रंगवलेला असतो, बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट. पण तुमचं पोट आणि पाकीट ठरतं ते त्याच्या आधीच्या शब्दावर. रस्सा अनलिमिटेड म्हणजे मटण अनलिमिटेड नव्हे. भाकरी हवी तेवढी मिळाली म्हणून भातही मिळेलच असं नाही. गाडी लावण्याआधी एवढं वाचलं तरी निम्मे वाद टळतात.

उरलेले निम्मे टाळायचे तर ऑर्डर देण्याआधी विचारून घ्यावं: परत काय काय मिळेल, एकदाच काय मिळेल, आणि एका थाळीत दोघं जेवलो तर किती लावाल? यात संकोच कसला? वाढप्याला हे रोज पन्नास जण विचारतात. जो विचारत नाही तो बिल आल्यावर भांडतो, आणि तेव्हा भांडून काही हाती लागत नाही.

रस्सा का फुकट वाढतात?

बोकडाच्या मटणाचा भाव किलोला सातशेच्या वर गेला आहे. आपण आठशे धरू. थाळीत दीडशे ग्रॅम कच्चं मटण घातलं तर नुसत्या मटणाचेच १२० रुपये झाले, आणि शिजल्यावर ते हाडांसकट चार-पाच तुकडे दिसतात. त्यावर तेल, मसाला, भाकऱ्या, भात, गॅस, माणसांचे पगार, हायवेलगतच्या जागेचं भाडं. म्हणजे साडेतीनशेच्या आसपासची मटण थाळी ही काही लूट नव्हे. उलट अडीचशे रुपयांत कुणी ‘मटणही अनलिमिटेड’ म्हणत असेल तर तिथे जपून बसावं. वाटीत हाडं आणि चरबी किती, मांस किती, हे पहिल्याच वाढणीला पाहून घ्या.

रश्श्याचं तसं नाही. कांदा, सुकं खोबरं, लसूण, मसाला आणि बाकी सगळं पाणी. तुम्ही तीन वाट्या जास्त प्यायलात तरी मालकाचे थोडेच रुपये जातात, आणि तुम्ही मात्र ‘पोटभर दिलं’ म्हणत उठता. चीनमध्ये हॉटपॉटची रीत आहे. टेबलाच्या मधोमध उकळता रस्सा, त्यात मांसाचे पातळ काप आणि भाज्या आपणच बुडवायच्या, शिजल्या की काढून खायच्या. तिथल्या स्वस्त बुफेतही हिशेब हाच: रस्सा आणि पालेभाजी सढळ, मांसाच्या तबकावर लक्ष, आणि टेबलाला बहुधा दीड-दोन तासांची मुदत. धंद्याचं गणित चीनच्या चोंगछिंगला आणि आपल्या कामशेतला सारखंच चालतं.

मग खाणाऱ्याने काय करावं? रश्श्याची खरी चैन आहे ती भाकरी कुस्करून खाणाऱ्याला. त्यामुळे आधी अळणी सूप, मग गरम भाकरी ताटात चुरून त्यावर तांबडा रस्सा, आणि सुकं मटण अधूनमधून तोंडी लावायला. बरेच जण बसल्याबसल्या सगळे तुकडे संपवतात आणि उरलेलं जेवण कोऱ्या रश्श्यावर काढतात. मग थाळी महाग वाटू लागते. तुकडे शेवटच्या भाकरीपर्यंत पुरवले तर तीच थाळी मोठी वाटते.

भाकरी ज्वारीची, बाजरीची की तांदळाची हे विचारा, आणि दोन-दोन करूनच मागवा. एकदम चार मागवल्या तर शेवटच्या दोन कडक होतात आणि टाकल्या जातात.

बुलेट थाळीचा धडा

‘खा किती खायचं ते’ हा प्रकार वडगाव मावळने देशभर गाजवला. जानेवारी २०२१ मध्ये इथल्या हॉटेल शिवराजने बुलेट थाळी काढली. सुमारे चार किलोचं मटण आणि तळलेली मासळी, किंमत २,५०० रुपये, एकट्याने ६० मिनिटांत संपवली तर नवीकोरी रॉयल एनफिल्ड बुलेट. पाच बुलेट हॉटेलच्या व्हरांड्यात रांगेने उभ्या केल्या होत्या. कोरोनाने गिऱ्हाईक तुटलेलं असताना काढलेली ही शक्कल होती आणि ती चालली. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या एका गड्याने थाळी संपवली आणि बुलेट नेली. त्याआधी त्याच हॉटेलची रावण थाळी होती, आठ किलोची, चौघांनी मिळून तासाभरात संपवायची.

जाहिरात म्हणून याला शंभरपैकी शंभर गुण. पण आपण चार माणसं रविवारी जेवायला जातो तेव्हा नकळत त्याच स्पर्धेत उतरतो, बुलेट समोर नसताना. ‘पैसे दिलेत तर वसूल करायचे’ म्हणून चौथी भाकरी घेतो आणि मग खंडाळ्याच्या घाटात काच खाली करून बसतो. पोट भरल्याचं कळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढी त्याला द्यावीत. दुसऱ्या वाढणीआधी पाच मिनिटं नुसतं ताक पीत बसलात तर तिसरी वाढणी बहुधा लागतच नाही. अशा मोठ्या थाळ्या आजही कुठे दिसल्या तर त्या चौघा-पाचजणांनी मिळून मागवाव्यात. तशी परवानगी असते का आणि मग बक्षीस बाद होतं का, ते काउंटरवर विचारा.

चौघांना हंडी, दोघांना थाळी

घरचे पाच-सहा जण असतील तर प्रत्येकाला थाळी घेणं हा सगळ्यांत महाग मार्ग. मावळातल्या बहुतेक मांसाहारी हॉटेलांत चिकन किंवा मटण हंडी मिळते, अर्धी किंवा पूर्ण. मधोमध हंडी, भोवती सगळे, ज्याला जे हवं ते तो वाढून घेतो. आजीला दोन घास, पोराला एक लेगपीस, आणि खाणाऱ्याला खाऊ द्यावं. थाळीत आजी आणि खाणारा दोघांचे पैसे सारखेच लागतात, हंडीत तसं होत नाही.

हंडी घेताना वजन विचारा. अर्धी हंडी म्हणजे बहुधा अर्धा किलो, आणि ते वजन कच्च्याचं. शिजल्यावर ते कमीच भरणार, म्हणून उगाच फसवल्यासारखं वाटून घेऊ नका. हंडीबरोबर रस्सा किती आणि भाकऱ्या धरलेल्या आहेत की वेगळ्या, हेही आधीच. हंडीतलं उरलं तर बांधून मिळतं. अनलिमिटेड थाळीतलं मिळत नाही आणि मागूही नये.

गावरान कोंबडी हवी असेल तर तळेगाव सोडतानाच फोन करा. गावरान कोंबडी शिजायला वेळ घेते. ऑर्डर दिल्यावर पंधरा मिनिटांत मऊसूत, पांढरंफेक मांस समोर आलं तर ते ब्रॉयलर आहे, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. गावरानचं मांस गडद, चिवट आणि हाड बारीक असतं. दात कमजोर असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, ब्रॉयलर खावं आणि पैसेही वाचवावेत.

मिसळ आणि इंद्रायणी

सगळ्यांत कमी पैशांत हवं तेवढं खायचं असेल तर मिसळ. मटकीची उसळ, फरसाण, कांदा, लिंबू, दोन पाव, आणि रस्सा मागाल तितका. अर्थात पाव मोजून. पुण्याकडची मंडळी रश्श्याला ‘सॅम्पल’ म्हणतात, कुणी कट म्हणतं, वरचा तेलाचा तवंग म्हणजे तर्री. तर्री वेगळ्या वाटीत मागा आणि चाखून मग ओता, कारण तिखटाचा अंदाज चुकला तर ताट परत करता येत नाही. फरसाणही वेगळं मागितलं तर देतात. ते शेवटपर्यंत कुरकुरीत राहतं आणि दुसऱ्या वाटी रश्श्यात नुसत्या मटकीऐवजी काहीतरी दाताखाली येतं.

मिसळ सकाळची. दुपारी दोननंतर पातेल्यातला रस्सा आटत जातो, त्यात पाणी घालतात, मग मीठ. सकाळी नऊला आणि दुपारी अडीचला एकाच हॉटेलात खाल्लेल्या मिसळी दोन वेगळ्या हॉटेलांतल्या वाटाव्यात इतका फरक पडतो.

मावळात येऊन भाताला दुय्यम मानणं बरं नव्हे. इंद्रायणी तांदूळ इथलाच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आज पवन मावळात आणि आंदर मावळात पावसाळ्यात जी हिरवी खाचरं दिसतात त्यांतली पुष्कळशी त्याचीच. तो सुवासिक, मऊ आणि चिकट. याच चिकटपणामुळे बुफेच्या भांड्यात तो तासभर ठेवला की गोळा होतो. म्हणून अनलिमिटेडमध्ये बहुतेक ठिकाणी मोकळा होणारा दुसराच तांदूळ असतो आणि इंद्रायणी भात ‘स्पेशल’ म्हणून वेगळ्या पैशांत. वीस-तीस रुपये जास्त पडले तरी तोच घ्यावा असं माझं मत आहे. ताज्या वाफेच्या इंद्रायणीवर पिवळं वरण आणि तूप असलं की बाकीच्या थाळीकडे लक्ष जात नाही. नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो आणि जास्तच चिकटतो. ज्यांना मोकळा भात लागतो त्यांनी तेव्हा नाकं मुरडू नयेत.

लोणावळ्यातली थाळी आणि रिसॉर्टचा बुफे

लोणावळ्याच्या बाजारपेठेत गुजराती आणि राजस्थानी पाहुण्यांचा राबता मोठा, त्यामुळे शाकाहारी थाळीची सोय उत्तम आणि जैन जेवणही सहज मिळतं. इथे वाढपी थांबत नाहीत. फुलका संपायच्या आत दुसरा पडतो. पहिल्या फेरीत प्रत्येक पदार्थ चमचाभरच घ्या, जो आवडेल तो दुसऱ्या फेरीत मनसोक्त. नको असेल तेव्हा ताटावर आडवा हात धरा. तोंडाने ‘नको’ म्हटलेलं गर्दीत ऐकू जात नाही. गोड पदार्थ मात्र बऱ्याच ठिकाणी एकच वाटी असतो. आमरसाच्या दिवसांत, एप्रिल ते जून, हा प्रश्न हमखास विचारून घ्यावा, कारण कुटुंबच्या कुटुंब केवळ रसासाठी जातं आणि दुसऱ्या वाटीचे पैसे लागले की हिरमुसतं.

रिसॉर्टच्या बुफेत ताट उचलण्याआधी रिकाम्या हाताने एक पूर्ण चक्कर मारा. मांडणी ठरलेली असते. सुरुवातीला सॅलड, पापड, पाव, पुलाव, नूडल्स. म्हणजे स्वस्त आणि पोट भरणारं. मालकाचा पैसा ज्यात गेलाय ते पनीर, चिकन, मासळी पुढे, आणि जिथे माणूस उभा राहून गरम करून देतोय तो काउंटर बहुधा कोपऱ्यात. चक्कर न मारणारा पुलावानेच ताट भरतो.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. कापून ठेवलेलं सॅलड, पातळ चटणी, बर्फ यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. गरम पदार्थाच्या भांड्यातून वाफ येत नसेल तर तो घेऊ नका. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार वाढायचं गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वरच ठेवावं लागतं. थर्मामीटर आपल्याकडे नसतो, पण वाफ दिसते. नवं भांडं आलं की त्यातलं घ्यावं. थंड झालेल्या भातावर विशेष भरवसा नको, त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष नुसतं पुन्हा गरम करून जात नाही.

पवनेकाठची शेगडी

पवना धरणाच्या काठी तंबूत राहायची जी पॅकेजं असतात, त्यांत आपल्या हाताने भाजून खायची हौस फिटते. संध्याकाळी चहा-भजी, मग शेगडी, मग रात्रीचं जेवण, सकाळी पोहे किंवा मिसळ. इथेही तोच आधीचा शब्द. जेवण अनलिमिटेड, बार्बेक्यू मोजून. माणशी किती ग्रॅम किंवा किती तुकडे, हे पैसे पाठवण्याआधी मेसेजवर लिहून घ्या. तोंडी ‘भरपूर असतं सर’ याला तिथे गेल्यावर काही अर्थ राहत नाही.

चिकन मसाला लावून दुपारपासून ठेवलेलं असतं. ते बर्फात किंवा फ्रिजमध्ये होतं का, विचारा, आणि आंबूस वास आला तर सरळ परत करा. निखारे राखाडी झाल्यावर भाजायला घ्यायचं. ज्वाळेवर बाहेरून काळं होतं आणि आत कच्चं राहतं. जाड तुकडा कापून पाहा, आत गुलाबी दिसलं तर पुन्हा शेगडीवर. कच्च्याला लावलेला चिमटा शिजलेल्याला नको. मका, पनीर, ढोबळी मिरची आधी भाजून घ्या म्हणजे शाकाहाऱ्यांची जाळी वेगळी राहते.

आणि थंडी कितीही वाजो, पेटलेली किंवा विझत आलेली शेगडी तंबूत घेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. या लेखातली बाकी कुठलीही सूचना विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

बिल

बहुतेक रेस्टॉरंटांना जीएसटी ५ टक्के. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर जाणाऱ्या मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटांत तो १८ टक्के असतो, म्हणून तिथल्या बुफेचा फोनवर सांगितलेला आकडा करासकट आहे की कर वेगळा, हे विचारा. छोट्या हॉटेलांपैकी जी कंपोझिशन योजनेत आहेत त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, आणि तशी पाटी लावणं त्यांना बंधनकारक आहे. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. बिलात तो दिसला तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. साधं पाणी मागा, बाटली आपणहून उघडू नका.

अन्न टाकल्याबद्दल दंडाची पाटी काही ठिकाणी असते. लोक तिच्यावर चिडतात. मला ती योग्य वाटते. ‘हवं तेवढं’ याचा अर्थ हवं तेवढं खा असा आहे.

कधी जावं

मटण खायचं तर बुधवार, शुक्रवार, रविवार. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी-एकादशी पाळणारे पुष्कळ, त्यामुळे त्या दिवशी मटणाला उठाव कमी आणि माल ताजा असेलच असं नाही. गटारीच्या आधीच्या रविवारी हायवेवर टेबल मिळत नाही. श्रावण लागला की उलट. मांसाहारी हॉटेलं मोकळी आणि मिसळीला रांग. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला कोळी-आगरी भाविकांची कार्ल्याला मोठी गर्दी होते, तेव्हा कार्ला फाटा टाळून कामशेतला किंवा वडगावला जेवून घ्यावं. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवरच दोन तास जातात. त्या दिवशी लोणावळ्यात जेवायचा हट्ट सोडा, साडेअकराला वाकसईलाच बसा.

गाडी नसली तर पुणे–लोणावळा लोकल आहे. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा अशी स्टेशनं. कार्ला-भाजे पाहून जेवायचं तर मळवलीला उतरायचं. भर दुपारी लोकल विरळ असते, म्हणून परतीची वेळ बघूनच जेवायला बसा, नाहीतर जड पोटाने फलाटावर ताटकळणं आलं.

रविवारी दुपारी एक ते तीन या वेळात बाहेर नंबर लावून लोक उभे असतात, त्यांत म्हातारी माणसं आणि लहान मुलंही असतात. तेव्हा बडीशेप खात तासभर गप्पा मारायच्या असतील तर त्या गाडीत मारा, टेबल मोकळं करा.